भाकरीची गोधडी

पाथर्डीहून मढीला जाणाऱ्या रस्त्यावर आमची वस्ती आहे. राहीबाईंचं घर आमच्या घराला लागूनच. दुपारची जेवणं उरकली, की त्यांच्या पडवीतून शिलाई मशीनची खडखड सुरू होते ती दिवेलागणीपर्यंत चालते. लग्नसराईत झंपर, शाळा उघडताना दप्तरं, एरवी काहीबाही फाटकं-उसवलेलं. पण गेल्या वर्षापासून त्यांचं नाव निघतं ते डब्याच्या पिशव्यांमुळे. बाहेरून कापड, आतून चंदेरी, आणि सकाळी ठेवलेली भाकरी दुपारपर्यंत मऊ राहते. ती पिशवी कशी झाली ते मी शेजारून पाहिलंय. त्याच्या मागचं जे आहे, ते राहीबाईंनीच एका दुपारी शेंगा फोडता फोडता मला सांगितलं.

त्यांचं लहानपण उसाच्या फडात गेलं. दसरा झाला की वडील गहिनीनाथ बैलगाडी जुंपायचे. गाडीत पिठाचं पोतं, भांडी, दोन-चार कोंबड्या, राही आणि तिचा तान्हा भाऊ राम. आई आक्काबाई गाडीमागे चालायची. कारखान्याच्या हद्दीत एखाद्या माळावर पाचटाच्या कोप्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांच्या झोपड्या, उभ्या राहायच्या आणि उन्हाळ्यापर्यंत तेच घर. उजाडायच्या आत फडात कोयता लागायला हवा, म्हणून आक्काबाई अंधारातच भाकरी थापून घ्यायची. दुपारी खायला बसावं तर भाकरी वाळून पापड झालेली. थंडीत तर दातानं तुटायची नाही.

आक्काबाईनं यावर आपल्यापुरता उपाय काढला. नवऱ्याची विरलेली घोंगडी कापली, तिला दोन्ही अंगांनी जुन्या लुगड्याचं कापड लावलं, गोधडीला घालतात तसे जवळजवळ धावते टाके घातले आणि तोंडाला नाडी ओवली. ऊसतोडीच्या टोळीतल्या बायका हसल्या.

"आक्के, मानसाला गोधडी न्हाई आन् भाकरीला शिवलीस व्हय?"

तेव्हापासून त्या पिशवीचं नावच पडलं, भाकरीची गोधडी.

एका वर्षी भर दुपारी त्यांच्या कोपीला आग लागली. चुलीतला विस्तव वाऱ्यानं उडाला असावा. राही तेव्हा रामला कडेवर घेऊन ओढ्याकाठी बोरं वेचत होती. धूर दिसला तशी ती वळली, पण कोपी भडकलेली. पाचटाला पेटायला कितीसा वेळ लागतो? फडातून आक्काबाई ओरडत धावत आली. ती सरळ आगीतच शिरायला निघाली होती, बायकांनी तिला धरून ठेवलं. मग तिला बोरीखाली लेकरं दिसली.

"आई आमच्याकडं आलीच न्हाई," राहीबाई म्हणाल्या. "हुती तिथंच मटकन खाली बसली. मग मीच गेले अन् रामला तिच्या मांडीवर ठिवला. तवा कुठं रडली."

पीठ, कपडे, अंथरूण, सगळं गेलं. आग लागली तेव्हा फडातली माणसं अजून जेवायला बसली नव्हती, त्यामुळे बांधावर ठेवलेली भाकरीची गोधडी तेवढी भरलेली राहिली. दिवस कलल्यावर आक्काबाईनं नाडी सोडली, भाकरी मोडली आणि लेकरांच्या हातावर ठेवली.

"मऊ हुती गं अजून. सगळीकडं जळकट वास, आन् हातात ती भाकर. कोरडीच खाल्ली. तसली चव पुन्हा न्हाई लागली कवा."

शेंगा तशाच ओच्यात राहिल्या. पुढे त्या गोधडीचं काय झालं, असं मी विचारलं, तर त्यांना काही आठवेना. विरून गेली असेल, नाहीतर कुणी चुंबळ करून डोक्यावर घेतली असेल.

लग्नानंतर राहीबाई आणि त्यांचे मालक बन्सीकाका कोयत्यावर जात राहिले. मुलगा समर्थ शाळेच्या वयाचा झाला, त्या वर्षी मात्र राहीबाईंनी निघायच्या दिवशी पाय रोवले. "पोरगं फडात न्यायचं न्हाई," एवढंच म्हणाल्या. बन्सीकाका आणखी काही हंगाम भावकीतल्या माणसांबरोबर गेले, मग त्यांनीही ते सोडलं. राहीबाई पाथर्डीत एका बाईंकडे शिवण शिकल्या आणि जुनं पायमशीन घरी आणलं. त्या मशीनवर समर्थची शाळा झाली, कॉलेज झालं. आता तो सुप्याला कंपनीत आहे, आठवड्याला घरी येतो. त्याची बायको निकिता रोज नगरला जाते, तिथल्या एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी आमच्या तोंडात अजून नगरच बसलंय.

गेल्या वर्षी निकिताला दिवस गेले. सकाळी जीप, पुढे एसटी, आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत पोरीचा चेहरा उतरलेला. एक दिवस राहीबाईंनी तिचा डबा घासायला घेतला, तर भाकरी जशीच्या तशी.

"निकिता, खाल्लं न्हाईस व्हय?"

"आत्या, गार भाकरी बघितली ना, की उमळून येतं. घास गिळवत नाही."

"तिथं गरम करायला काय न्हाई का?"

"आहे, पण सगळ्यांची रांग लागते. माझा नंबर येईपर्यंत सुट्टी संपते."

दुसऱ्या दिवशी राहीबाईंनी पेटीतून बन्सीकाकांची घोंगडी काढली आणि थेट कात्री लावली. काका बघत राहिले. "अगं, चांगली हुती की!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. आईनं शिवली होती अगदी तशीच पिशवी राहीबाईंनी हातानं शिवली. निकिता ती घेऊन गेली आणि संध्याकाळी ओशाळल्यासारखी परत आली. बसमध्ये आमटी सांडली, घोंगडीनं ती पिऊन घेतली, आणि शेजारच्या बाईनं विचारलं म्हणे, गाडीत कुणी मेंढरू चढवलंय का. राहीबाई आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या, मग अशा हसायला लागल्या की आम्ही सगळेच त्यात सामील झालो. घोंगडी धुवून दोरीवर टाकली, तरी वास काही गेला नाही.

त्याच सुमारास आम्ही शेळ्यांच्या शेडला पत्र्याखाली चंदेरी शीट ठोकली होती. ती लावली की पत्र्याचं ऊन खाली उतरत नाही. उरलेला तुकडा मी कुंपणावर टाकला होता. राहीबाई आल्या, तो हातात धरून उलटापालटा करत उभ्या राहिल्या.

"हे उनाला आत येऊ देत न्हाई म्हनतीस. मंग आतली ऊब तरी भायेर कशी जाऊ दील?"

"घेऊन जा," मी म्हटलं.

शीट कापणं सोपं होतं, शिवताना मात्र मशीननं रडवलं. गुळगुळीत चंदेरी शीट सुईपाशी कापड दाबून धरणाऱ्या पट्टीला चिकटून बसायची, सुई एकाच जागी खालीवर व्हायची, दोऱ्याचा गुंता व्हायचा. दोन दिवस त्यांनी नाना प्रकार केले. तेल दिलं, सुई बदलली, पावडर लावून पाहिली. शेवटी पेपर वाचत बसलेले बन्सीकाका कंटाळून म्हणाले, "त्याच्यावर कागद तरी घाल, घसरंल तरी." राहीबाईंनी त्यांच्या हातातलाच पेपर ओढला, पट्टी फाडून शीटवर धरली आणि पाय मारला. मशीन सुतासारखं चाललं. शिवण झाल्यावर कागद अलगद फाडून काढला.

मग बाकीचं भराभर जमत गेलं. बाहेरून त्यांच्या एका जुन्या हिरव्या नऊवारीचं कापड, मध्ये फाटक्या ब्लँकेटचा थर, आत चंदेरी शीट. खालचे कोपरे तिरके शिवून तळ सपाट केला, म्हणजे डबा उभा राहावा, आमटी कलंडू नये. तोंडाला चेन, दोन बंद, आणि दर्शनी बाजूला लुगड्याचा काठ.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकिताचा फोन आला. मी तिथंच होते.

"आत्या, खाल्ली. सगळी."

"गरम हुती का गं?"

"गरम नाही म्हणता येणार, पण गारही नव्हती. मऊ होती."

राहीबाईंनी फोन बन्सीकाकांच्या हातात दिला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. त्यांच्यामागून मी शेंगांनी भरलेलं सूप घेऊन गेले, आणि त्या दुपारी मला आक्काबाईची गोष्ट कळली.

दवाखान्यातल्या बायकांनी निकिताकडे तशाच पिशव्या मागितल्या, त्या शिवून झाल्या. दसऱ्याच्या आधी राम भेटायला आला. तो अजून तोडीला जातो, आता मुलगा-सुनेबरोबर. राहीबाईंनी त्याच्यापुढे एक मोठी पिशवी ठेवली, सगळ्या घराच्या भाकरी मावतील अशी.

"ताई, हे शेहरातल्यांचं आमाला कशाला?"

"शेहरातल्यांचं न्हाई. आईनं शिवली हुती तशी हाय."

"आईनं? कवा?"

त्याला काहीच माहीत नव्हतं. तो मांडीवरचं पोर होता तेव्हा, आणि पुढे आई त्या दिवसाबद्दल घरात कधी बोलली नाही. राहीबाईंनी त्याला सगळं सांगितलं. बोरी, धूर, बांधावरची पिशवी. राम मान खाली घालून ऐकत होता.

"म्हंजी मी बी खाल्ली ती भाकर?"

"तू? तुला मी चावून चावून भरवली."

रामनं पिशवीची चेन उघडली, आत हात घालून पाहिलं, पुन्हा लावली. जाताना ती त्यानं इतर सामानात टाकली नाही, काखेत मारून नेली.

थंडीत निकिताला मुलगी झाली. वैशाखात राम परत आला तेव्हा पिशवी काळवंडलेली, एक बंद तुटलेला, चंदेरी शीट कोपऱ्यात फाटलेली. टोळीतल्या बायका रोज आपापल्या भाकरी तिच्यात कोंबायच्या, असं तो म्हणाला. आता सगळ्यांनाच हव्या आहेत.

"सांग त्यांना, दसऱ्याच्या आधी या म्हनावं," राहीबाई म्हणाल्या. "आपापलं जुनं लुगडं घेऊन. मी दावते, शिवायचं त्यांनी."

श्रावण सरला, तशा त्या येऊ लागल्या आहेत. काल दुपारी पडवीत पाचसहा जणी होत्या. कुणाला सुईत दोरा ओवता येत नव्हता, कुणी उलट्या बाजूनं चेन लावून बसली होती. निकिताची मुलगी चिंध्यांच्या ढिगात लोळत होती, आणि बन्सीकाका ओट्यावर बसून आदल्या दिवशीच्या पेपरच्या पट्ट्या फाडत होते.