डाव्या चाकाचं बेअरिंग

किस्से मोटारीच्या ग्रीससारखे असतात. हात एकाचाच लागतो, पण संध्याकाळपर्यंत अख्ख्या कचेरीच्या कपड्यांवर डाग दिसतात. मी परभणीच्या तालुकदार कचेरीत कारकून होतो. तालुकदार म्हणजे निजामाच्या राज्यातला कलेक्टर. कचेरीची मोटार एक होती, ती चालवणारा गफूरभाई एक होता, आणि तिच्याबद्दल मत असणारे आम्ही सगळे होतो!

ही मोटार हैदराबादेत कोणा बड्या साहेबाच्या मनातून उतरली, तेव्हा आमच्याकडे आली. वर्षभरात तिचं पुढचं डावं चाक रडायला लागलं.

"ये कौन रो रहा है?" तालुकदार साहेब मागच्या सीटवरून ओरडले.

"हुजूर, चाकातलं बेअरिंग."

"निकाल दो उसको!" रडणाऱ्यावर साहेबांना हा एकच इलाज माहीत होता.

त्यात औरंगाबादहून सुभेदार, म्हणजे साहेबांचेही साहेब, दौऱ्यावर येणार अशी वर्दी आली. साहेबांनी गफूरभाईला बोलावून निर्वाणीचं सांगितलं, "उनके आने से पहले या तो बेअरिंग निकलेगा, या तू निकलेगा!"

गफूरभाईला मोटार सोडून दुसरं काही येत नव्हतं. आणि परभणीत दुसरी सरकारी मोटार नव्हती.

* * *

आधी चाकाचा नट काढायचा. गफूरभाईनं पाना लावला, नट हलेना. मग कचेरीतले जवान, म्हणजे शिपाई, पान्यावर लोंबकळले. घामाघूम झाले, तरी हलेना.

अचानक गफूरभाईनं कपाळावर हात मारला. "या अल्ला! हा तर उर्दू हाय!"

"काय उर्दू आहे?" मी विचारलं.

"नट! बघा, उजव्या चाकाचा नट मराठी. डावीकडून उजवीकडं आवळायचा. डाव्याचे आटे उलटे. तो उर्दूवाणी उजवीकडून डावीकडं आवळतो. अन् आमी उघडायलोय समजून सकाळधरनं आवळायलोय!"

सगळ्यांनी मिळून तो उलटा फिरवला, तेव्हा कुठे निघाला. त्या दिवसापासून आमच्या मोटारीला एक मराठी चाक होतं आणि एक उर्दू.

* * *

चाक निघालं, पण बेअरिंगचं आतलं कडं गंजून आसाला चिकटलेलं. तेव्हा साहेबांपुढे कागद ठेवणारे पेशकार केशवराव पुढे सरसावले. कागद फिरवल्याशिवाय जगात काही हलत नाही, असं त्यांचं मत होतं. त्यांनी हैदराबादेला नफीस उर्दूत लिहिलं, की बेअरिंग अडकलं आहे, सोडवण्याबाबत हुकूम व्हावा.

आता उर्दूत 'बेअरिंग' आणि 'बेरंग' जवळजवळ सारखंच लिहितात. तिकीट न लावता टाकलेल्या पत्राला तेव्हा बेरंग म्हणत. असं पत्र ज्याला येई, त्यानं टपालाचं हशील भरून ते सोडवून घ्यायचं.

हैदराबादेहून तातडीनं उत्तर आलं, "पोस्टात हशील भरून सोडवून घ्यावे."

गफूरभाई म्हणाला, "पेशकार साहेब, तेवढ्यानं निघत असंल तर भरा की!"

* * *

मग कोणीतरी पिंगळीहून हाडवैद्याला आणलं. हा रामजी आजा पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. त्यानं आसावरून हात फिरवला, करडईचं तेल मागितलं, चोळलं, डोळे मिटले, आणि उठून पटका सावरला.

"काय झालं, आजा?" गफूरभाईनं धास्तीनं विचारलं.

"अरे बाबा, हे तर बसलेलं हाय! मी निसटलेलं बसवतो. चांगलं बसलेलं काढायचं पाप मी करत न्हाई!"

* * *

सुभेदारांची आगगाडी दुपारी यायची होती. त्या सकाळी पूर्णेच्या रेल्वेतला एक फिटर येऊन सांगून गेला, "कडं तापवा अन् आस गार ठेवा. कडं फुगंल, मंग सुटंल."

केशवराव म्हणाले, "यात नवं काय? साहेब तापलेले आणि आपण गार. कचेरी अशीच तर चालते!"

जवानांनी आसाला ओली फडकी गुंडाळली, कड्याला निखारे लावले. गफूरभाई हातोडीनं हळूहळू ठोकू लागला. कडं ढिम्म. घामानं त्याला समोरचं दिसेना. तेवढ्यात साहेब शेरवानी घालून, छडी हलवत बाहेर आले. तीन चाकांवरची मोटार बघितली आणि कडाडले, "गफूर! निकल जा!"

टण्ण!

कडं आसावरून घरंगळत साहेबांच्या बुटापाशी येऊन थांबलं.

गफूरभाईनं लवून सलाम केला. "हुजूर, हुकूम की तामील हो गयी!"

दुपारपर्यंत नवं बेअरिंग बसलं आणि जेवताना साहेबांनी तीच गोष्ट सुभेदारांना सांगितली. त्यात गफूरही नव्हता आणि निखारेही नव्हते!

* * *

पुढे निजामाचं राज्य गेलं. जुन्या लोकांत कोण राहील, कोण घरी जाईल, सांगता येत नव्हतं. गफूरभाई मोटार जास्तच पुसू लागला. अशात बाहेरून नवे साहेब आले. फार सरळ माणूस, हसायची सवय नव्हती. पहिल्याच दिवशी सगळ्यांना ओळीनं उभं केलं.

"उद्यापासून या कचेरीत सर्व काम मराठीत होईल. ज्याला जमणार नाही, त्यानं आत्ताच सांगावं आणि घरी जावं."

केशवरावांचा चेहरा उतरला. त्यांची सगळी हयात उर्दूत गेली होती. मराठी त्यांना फक्त बोलता येत होती. तरी ते ओळीत तसेच उभे राहिले.

आणि गफूरभाई एक पाऊल पुढे आला! मी मनात म्हटलं, संपलं.

"साहेब, मला मराठी जमती. उजवं चाक मी पहिल्यापासून मराठीतच करायलोय. पण डाव्याचा नट तेवढा उर्दूतच आवळावा लागतो. मराठीत आवळला तर पूर्णा गाठायच्या आधीच ते चाक तुमच्या म्होरं पळंल."

साहेब म्हणाले, "दाखव."

दोघं मोटारीपाशी गेले. साहेबांनी बाह्या सारून, स्वतः पाना धरून, आधी उजवा नट फिरवून पाहिला, मग डावा. हात पुसले, आत येऊन बसले आणि केशवरावांना लिहून घ्यायला सांगितलं. केशवरावांच्या हातचा तो पहिला मराठी हुकूम. अक्षर लटपटलेलं, पण सही-शिक्क्यासकट कचेरीच्या दारावर लागला:

"उद्यापासून या कचेरीतील सर्व काम मराठीत होईल, डावे चाक वगळून."