डिस्कमधली सफरचंदाची बाग

बल्गेरियातल्या स्तारा झागोऱ्यात आमच्या इमारतीखाली गॅरेजांची रांग आहे. माझ्या गॅरेजात मिरच्यांच्या बरण्या आणि एक बंद पडलेली मोटार. शेजारच्या गॅरेजात वेलिका पेट्कोवा. तिच्याकडं मोटार कधी नव्हतीच. तिथं ती गेमचे कन्सोल दुरुस्त करते. वय त्रेसष्ट, आवाज घोगरा, बोटं मात्र सुईणीची.

ही बोटं संगणकाच्या डिस्कच्या कारखान्यात घडली. एकोणिसाव्या वर्षी ती तिथं लागली आणि चौदा वर्षं पांढरा झगा, टोपी, तोंडाला फडकं लावून काचेमागं बसली. आत बोलायचं नाही, खोकायचं नाही, पावडर लावून यायचं नाही. धुळीचा एक कण पडला की डिस्क वाया. बायका एकमेकींना नुसत्या डोळ्यांवरून ओळखत. मग कारखाना बसला आणि सगळ्या पांगल्या. आता त्यातली एखादी भेटते ती इमारतीच्या दाराला चिकटवलेल्या मयताच्या कागदावर, फोटोत. "शेजारनीची हनुवटी कशी व्हती ते मला कागद बगून कळलं," असं वेलिका म्हणते. हे काही खरं नाही. दुपारी जेवायला सगळ्या एकाच बाकावर बसत. पण ती सांगते तेव्हा कुणी आडवं बोलत नाही.

नवरा वारला. लेक शिकागोला, एका कचेरीत दिवसभर लोकांचे फोन उचलते. आईचा उचलायला तिला रविवार लागतो.

गेल्या जुलैत डोंगराकडच्या गावातून मिन्चो आला. सत्तरीला टेकलेला, इस्त्रीचा सदरा, काखेत टेबलक्लॉथमध्ये बांधलेला कन्सोल. गाठ सोडली तर आत कन्सोलला घातलेलं झबलं. पांढऱ्या दोऱ्यानं विणलेलं, कडेला झालर.

"ह्ये काय? बारसं हाय का?" वेलिका म्हणाली.

"मालकिनीनं विनलंय. धूळ बसू नये म्हनून."

"आनि चालू असताना काढतोस का न्हाई?"

"कशाला काढू? ती म्हनाली, ऱ्हाऊ दे."

"आरं देवा! कांबळं पांघरून भट्टीत निजवलंस की त्याला, दादा. श्वास कुटनं घ्यायचा त्येनं?"

आमच्याकडं हे घरोघरी आहे. टीव्हीवर जाळी, फोनखाली जाळी, रेडिओला सदरा. मिन्चोच्या बायकोनं, स्तांकानं, दोन वर्षांपूर्वी सुट्टी संपवून इटलीला परत जायच्या आदल्या दिवशी ते विणलं होतं. ती इटलीला गेल्याला आठ वर्षं झाली. तिकडं ती एका म्हातारीचं हगणंमुतणं काढते. वर्षातून ऑगस्टमध्ये दोन आठवडे घरी येते. मिन्चो तिचा शब्द मोडायला तयार नव्हता, म्हणून आतली डिस्क दोन वर्षं भाजत राहिली. आता कन्सोल चालू व्हायला पाव तास घेई, आणि आत टिक टिक, टिक टिक.

वेलिकानं कान लावला. कारखान्यात ती अशीच ऐकायची.

"जायला टेकलीय ही डिस्क," ती म्हणाली. "आत काय हाय? सोड की. नवी बसवून देते, कोरी."

"शेत हाय."

"कसलं शेत?"

मग त्यानं सांगितलं. खरी जमीन भाड्यानं दिलेली, ती आता मोठ्या यंत्रांची. स्तांका यायची तेव्हा दोघं एकमेकांसमोर बसून भिंतीकडं बघायची. दोन वर्षांपूर्वी तिनंच हा कन्सोल आणला, शेतीचा खेळ लावला. दोघांची एक-एक आकृती, दोघांचं एक शेत. ती गेल्यावर तो एकटा राखतो. हिवाळाभर त्यानं सफरचंदाची बाग लावली. तिनं जाताना म्हटलं होतं, बाग पाहिजे.

"बारा दिवसांनी येनार हाय," मिन्चो म्हणाला. "शेत गेलं तर आम्ही दोगं करायचं काय, ताई? तोंडं बगायची?"

वेलिका हसली नाही.

आधी तिनं सोपी वाट धरली. कन्सोलमधूनच सेव्ह, म्हणजे खेळ जिथवर आला ती नोंद, पेन ड्राइव्हवर उतरवायला लावला. निम्म्यावर जाऊन तो अडला आणि पडद्यावर आलं की वाचता येत नाही. दोनदा केलं, दोनदा तिथंच.

मग तिनं डिस्क बाहेर काढली. मिन्चोला वाटलं, आता ही आपल्या संगणकावर शेत उघडून दाखवील.

"न्हाई उघडत. ह्याचं कुलूप ह्याच्यापाशीच. पन आत काय हाय ते मला कळायची गरज न्हाई. ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. नवी डिस्क ह्याच कन्सोलात घातली की त्येला आपलंच वाटतं."

डिस्क दमली की ती थांबवायची, सावलीत ठेवायची, गार झाली की पुन्हा. नडणारा भाग आला की सोडून पुढं. आधी चांगलं तेवढं घ्यायचं, रडणारं मागनं. मिन्चो दिवसभर उपड्या पेटीवर बसला. मी त्याला टोमॅटो आणि चीज नेऊन दिलं, ते त्यानं नुसतं हातात धरलं.

संध्याकाळच्या आत नवी डिस्क आत गेली. कन्सोल झटक्यात चालू झाला. सेव्ह दोन होते. ताजा उघडेना, तो फाटला होता. दुसरा गेल्या ऑगस्टमधला, स्तांकानं निघायच्या दिवशी ठेवलेला. तो उघडला. मक्याची धसकटं, दोन गाई, विहिरीपाशी स्तांकाची आकृती. बाग नव्हती.

मिन्चोनं आपली आकृती रिकाम्या टेकडीवर नेली. "लावली पायजे परत," म्हणाला. मग वेलिकाकडं वळला. "दुसरी आकृती चालवायला कोन असलं तर बारा दिवसात हुईल. तू बसतीस का?"

"मला न्हाई दुसऱ्याची बायकू हुऊन शेत नांगरायचं," वेलिका म्हणाली. "जा, बस चुकंल."

तो गेला. कन्सोल नेला, जुनी डिस्क टाकून गेला.

वेलिकानं ती टाकली नाही. उतरवलेल्याची एक प्रत तिच्या संगणकात होती; कुणी सांगितलं नव्हतं, तरी जुन्या डिस्ककडून राहिलेले तुकडे वाचून घ्यायला लावले. आडवी ठेवून, उभी ठेवून, उलटीकडून. तीन दिवस तिच्या गॅरेजातून टिक टिक ऐकू येत होती. मी विचारलं तर म्हणाली, "गॅरेजात आवाज तर हाय कसला तरी." तिसऱ्या दिवशी शेवटचा तुकडा आला. तिनं फोन केला.

मिन्चो कन्सोल घेऊन दुपारच्या बसनं आला. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. वेलिकानं पुरी उतरवलेली डिस्क बसवली, ताजा सेव्ह उघडला. टेकडीच्या उतारावर बाग, सगळी लाल झालेली.

"बग, मिळाली. आता आन बायकोला."

"ती येत न्हाई," मिन्चो म्हणाला. "काल फोन आला. म्हातारीचं दुखनं वाढलं. सोडून कशी येनार? ऑक्टोबरात बगू म्हनाली."

वेलिकानं हातातला स्क्रूड्रायव्हर पुसला, तोच पुन्हा पुसला.

"तू तरी बग की जरा," मिन्चो म्हणाला. "अजून कुनी बगितली न्हाई."

तिनं चष्मा बदलला, खुर्ची ओढली. मिन्चो आपली आकृती ओळीओळीनं चालवत गेला. कुठलं झाड केव्हा लावलं, कुठलं वाळलं म्हणून दुसरं लावलं, सगळं सांगत होता.

"तिसरी वळ वाकडी हाय," वेलिका म्हणाली.

"कुटं?"

"ती काय, कुपाजवळ. पुडं सरकलीय."

"तितं खडक हाय. सरकवावी लागली."

"मग ठीक."

अशी ती दोघं तासभर बसली. मग मिन्चोनं कन्सोल बंद केला, काखेत मारला आणि साडेचारच्या बसला निघाला. 

दुसऱ्या दिवशी मी मिरच्यांची बरणी घ्यायला खाली गेलो. वेलिका दुसऱ्या कुणाचा कन्सोल खोलून बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "काय रं, सफरचंदाची छाटनी कवा करत्यात?"

"फेब्रुवारीत. नवा पाला फुटायच्या आधी."

"म्हंजी लांब हाय अजून," ती म्हणाली, आणि सुटलेला स्क्रू शोधायला टेबलाखाली वाकली.