अ‍ॅब्सलम लेडलोचं पहिलं मरण

लुव्हर्न लेडलोने तीस वर्षं शाळेची बस चालवली होती, त्यामुळे मोजायची सवय तिच्या अंगातच भिनलेली. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नव्हतं. म्हणून दर जुलैत डोंगरातल्या जुन्या ख्रिस्ती देवळात लेडलो मंडळी जमतात, तिथे चुलतभाऊ होइटने काम सोपवलं तेव्हा ती नाही म्हणाली नाही.

होइटला खापरपणजोबांसाठी दगड उभारायचा होता. अ‍ॅब्सलम लेडलो, उत्तर-दक्षिणेच्या यादवी युद्धात चिकमॉगाच्या लढाईत पडले, सप्टेंबर १८६३. घरातलं एवढं एकच मोठं मरण. बाकीचे सगळे आजारी पडून गेले होते, नाहीतर शिडीवरून पडून.

"तू फक्त तारखा काढून दे," होइट म्हणाला. "बाकी मजकूर माझा तयार आहे."

"किती ओळी?"

"अकरा."

"अरे, दगड आहे की दरवाजा?" लुव्हर्न म्हणाली.

घराण्याचं बायबल तिच्याकडेच होतं. मधल्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्नं, मृत्यू लिहिलेले. अ‍ॅब्सलमचा मृत्यू त्याची बायको केझाया हिच्या ठसठशीत अक्षरात होता. पानात एक पत्रही होतं. ईनस नावाच्या शेजाऱ्याने रणांगणावरून लिहिलेलं : 'केझायावहिनी, मी त्याला पडताना माझ्या डोळ्यांनी पाहिलं.'

लुव्हर्नने तारीख उतरवून घेतली आणि सहज जन्मांचं पान उलटलं. लेम्युएल लेडलो, जन्म ११ डिसेंबर १८६४. लेम्युएल म्हणजे लुव्हर्नचे सख्खे पणजोबा.

तिने बोटांवर महिने मोजले. पुन्हा मोजले. पंधरा येत होते.

तिने होइटला फोन केला.

"अक्षर वाचण्यात चूक झाली असेल तुझी," होइट म्हणाला.

"अक्षर चांगलं आहे."

"मग हत्तीण असेल ती," असं म्हणून होइटने फोन ठेवला. अर्ध्या तासाने त्याने परत केला. "लुव्हर्न, आपण मग लेडलो आहोत की नाही?"

हे सांगू शकेल असं एकच माणूस हयात होतं, झेल्फिया आत्या. वय त्र्याण्णव. लेडलोंची बाकीची पाती कोळशाच्या खाणींकडे बर्मिंगहॅमला गेली, ही डोंगरातच राहिली. तिचे पणजोबा देवळाचे चिटणीस होते. दर महिन्याच्या सभेचं इतिवृत्त लिहायची ती वही अजून तिच्या पेटीत, गोधड्यांखाली होती.

लुव्हर्नने रताळ्याची गोड पाई भाजून नेली. आत्याने आधी पाई खाल्ली, मग पेटी उघडली.

ऑक्टोबर १८६४. 'भगिनी केझाया लेडलो हिच्यावर आरोप. पतीला जाऊन वर्ष झालं, तरी ती गरोदर आहे. मूल कोणाचं विचारलं. भगिनी काही बोलली नाही.'

नोव्हेंबर. 'पुन्हा विचारलं. भगिनी काही बोलली नाही. तिला देवळाच्या मंडळीतून काढलं.'

त्यानंतर सहा महिने नुसती आजारपणं, छपराची गळती आणि कोण दारू पिऊन आला ते. मग जून १८६५, युद्ध संपल्यानंतरची पहिली मोठी सभा. 'बंधू अ‍ॅब्सलम लेडलो सभेत आले व पुरुषांच्या बाकावर बसले. आपण मेलेलो नाही असं त्यांनी सांगितलं. चर्चा झाली. मंडळीने ते मान्य केलं.'

लुव्हर्नने चष्मा काढून पुसला.

"आत्या, हा होता कुठे?"

"खालच्या ओढ्यावर कपार आहे ना, तिच्यात. एकोणीस महिने."

"पण ईनसने पडताना पाहिलं होतं."

"पडलाच होता. झाडाच्या मुळात पाय अडकला. उठला आणि उलट्या दिशेला चालायला लागला. तीन आठवड्यांत घरी."

"आणि केझायाने बायबलात..."

"पळालेल्या शिपायांना शोधणारं पथक यायचं गं. झाडाला टांगायचे. ती बायबल उघडून पुढे धरायची. बायबलात खोटं कोण लिहील? वाचायचे, टोप्या काढायचे आणि तिचं एखादं डुक्कर घेऊन जायचे."

डुकरांना खाणं घालायच्या बादलीत तळाशी मक्याची भाकरी ठेवून ती रोज ओढ्यावर जायची. पुढे पोट दिसायला लागलं. नवऱ्याचं नाव घेतलं असतं तर नवरा गेला असता. घेतलं नाही म्हणून अब्रू गेली. विहिरीवर बायका तिला बघून बादल्या उचलून घ्यायच्या. तिने अखेरपर्यंत ब्र काढला नाही.

"तुला हे सगळं माहीत होतं?" लुव्हर्नने विचारलं.

"लहानपणापासून."

"मग दरवर्षी होइट भाषण करतो तेव्हा गप्प का बसतेस?"

"मला कुणी विचारलंच नाही," आत्या म्हणाली. "आणि बोलतो छान."

वहीत त्याच जूनखाली आणखी दोन ओळी होत्या. 'भगिनी केझायाला परत घेण्याचं ठरलं. तिला निरोप दिला असता, आपल्याला सवड नाही असं तिने कळवलं.' तिला दोन वर्षं सवड झाली नाही. अ‍ॅब्सलम मात्र दर रविवारी जाऊन बसायचा. १९०१ साली तो न्यूमोनियाने गेला. दुसरं मरण. केझायाने ते बायबलात लिहिलं नाही. त्याचं नाव तिथे एकदा लिहून झालं होतं.

होइटने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे पळपुटा."

"चल माझ्याबरोबर," लुव्हर्न म्हणाली.

कपार सापडायला दुपार गेली. आत कमरेइतकी उंची, खाली ओल. होइट गुडघ्यांवर रांगत आत शिरला आणि आडवा झाला. त्याचे बूट बाहेरच राहिले.

"पाय मुडपून घ्यावे लागतात," आतून आवाज आला.

"मग घे ना."

त्याने घेतले. लुव्हर्न ओढ्याकाठच्या दगडावर बसून राहिली. तिच्या मनात अ‍ॅब्सलम नव्हताच. गरोदर बाई हातात बादली घेऊन ही उतरण रोज कशी उतरली असेल, ते ती बघत होती. येताना ती स्वतः दोनदा घसरली होती.

होइट बाहेर आला तेव्हा त्याची पाठ पूर्ण भिजली होती. "एकोणीस महिने," तो म्हणाला. "तिकडे लढाई बरी."

दगड पुढच्या जुलैत बसला. अकरा ओळी गेल्या. दोन नावं आणि जन्म-मृत्यूची चार सालं राहिली. केझायाचं नाव वर आहे. तसं असावं हे लुव्हर्नचं म्हणणं होतं, होइटने वाद घातला नाही.

जेवणाआधी भाषण मात्र त्यानेच केलं, जणू हे सगळं त्याला जन्मापासून ठाऊक होतं. पथक आलं, बारा घोडेस्वार, टापांचा आवाज, दारात केझाया एकटी! बायकांनी डोळे टिपले.

झेल्फिया आत्याने ताटातली कोंबडी संपवली.

"चालत आले होते," ती लुव्हर्नला म्हणाली. "घोडे त्यांनी आधीच खाल्ले होते."