बातमीत उंदीर नव्हते

गोविंदअण्णा गेल्याचं मला आधी मोबाइलनं सांगितलं आणि मग वैनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, हे अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही. सकाळी चहा घेत होते. आमच्या पुण्याच्या सोसायटीतल्या बायकांच्या गटावर कुणीतरी कुठूनतरी आलेली बातमी टाकली होती : ‘मधुमेहावर रामबाण औषध शोधणारे तंजावरचे मराठी शास्त्रज्ञ कालवश.’ खाली हात जोडल्याची चित्रं, आणि त्यांच्या खाली एकीचा प्रश्न, हे औषध आपल्याकडे कुठं मिळतं? फोटोत अण्णा होता. हातात हिरवी डहाळी, चेहऱ्यावर कुणीतरी बळंच हसायला लावलेलं हसू. त्या अख्ख्या मजकुरात एकच गोष्ट खरी होती, ती म्हणजे तो गेला. थोड्या वेळानं वैनीचा फोन आला. “सरू, अण्णा गेले गे... काल दुपारीं जेवून निजले, उठलेच नाहींत.” मला ठाऊक आहे असं तिला कोणत्या तोंडानं सांगणार? खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, किळस आली. आता काही आठवडे उलटले. रडूनही झालं. किळस मात्र तशीच आहे, म्हणून हे लिहायला बसले.

अण्णा माझा मामेभाऊ. तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतलं मामाचं घर हेच माझंही घर होतं. पुढं मी लग्न होऊन पुण्याला आले, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले, आणि अण्णा तंजावरजवळच्या एका विद्यापीठात जीवरसायनाचा प्राध्यापक झाला. लहानपणापासून त्याला एक खोड होती. कुठल्याही गोष्टीला तो ‘आहे’ म्हणायचा नाही, ‘असेल’ म्हणायचा. मामीनं विचारलं, दूध तापलं का रे, की हा चुलीजवळ उभा राहून भांड्यात डोकावत म्हणणार, “तापलें असेल.” मामी कपाळावर हात मारून घ्यायची. पुढं हीच खोड त्याच्या कामाला आली. भाताच्या खाचरांच्या बांधावर एक रानटी पाला उगवतो, खेड्यापाड्यातल्या म्हाताऱ्या तो साखरेच्या आजाराला चांगला म्हणतात. त्या पाल्याचा अर्क मधुमेही उंदरांना देऊन काय होतं, हे तपासण्यात अण्णानं सगळी उमेद घातली. काही उंदरांची साखर थोडी उतरली, काहींची उतरली नाही, आणि काहींची यकृतं बिघडली. ही तिन्ही वाक्यं तो एकाच आवाजात सांगायचा. कुठलं मोठ्यानं नाही, कुठलं हळू नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा तो ह्याच एका गोष्टीसाठी.

विद्यापीठाला मात्र त्यातलं पहिलंच वाक्य ऐकू आलं, तेही अर्धवट. अलीकडे तिथं एक प्रसिद्धी कक्ष निघाला होता. कुठल्या प्राध्यापकाचं नाव कुठल्या पेपरात आलं ते कापून प्रवेशद्वाराजवळच्या काचेच्या फळ्यावर लावायचं, आणि ज्यांचं येत नाही त्यांना बैठकीत सर्वांदेखत विचारायचं, तुमच्या विभागाचं काय? अण्णाच्या विभागाचं बरेच दिवस काही नव्हतं. त्याचा निबंध छापून आला तशी त्या कक्षातल्या पोरसवदा अधिकाऱ्यानं वर्तमानपत्रांसाठी टिपण तयार केलं आणि अण्णाला दाखवायच्या आधीच पाठवूनही दिलं. त्यात पाला होता, साखर होती, तंजावरची प्राचीन परंपरा होती. उंदीर नव्हते. अण्णानं विचारलं तेव्हा तो हसून म्हणाला, “सर, उंदीर म्हटलं की लोक पुढं वाचत नाहीत.” दुसऱ्या दिवशी फोटोवाला घरी आला. त्याला हिरवं काहीतरी हातात हवं होतं, आणि तो पाला काही घरात नसतो, बांधावर असतो. त्या पठ्ठ्यानं परसातल्या शेवग्याची फांदी मोडली आणि अण्णाच्या हातात कोंबली. “हा तो पाला नव्हे,” अण्णा म्हणाला. “फोटोत कुणाला कळणार सर?” ... शेवग्याची ती फांदी हातात धरलेला अण्णा पुढं सगळ्या देशानं पाहिला.

मराठी बातमी आली ती वेगळीच. आमच्या तंजावरच्या लोकांची मराठी घरातली, बोलायची. लिहिणं-वाचणं सगळं तमिळ नि इंग्रजीत. अण्णाला देवनागरी धड वाचता यायची नाही. त्यानं बातमीचा फोटो मला पाठवला आणि फोन केला. “सरू, माझें नांव आहे तें कळलें. बाकी काय लिहिलें आहे तें वाच.” मी वाचलं. ‘आता इन्सुलिन विसरा! तंजावरच्या मराठी सुपुत्राचा चमत्कार.’ तो म्हणाला, “पुन्हां वाच.” मी पुन्हा वाचलं. “मी असें कधीं सांगट्लों गे?” त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. त्याच्याच मायबोलीत छापलेलं खोटं मी त्याला वाचून दाखवत होते, आणि लिहिणाऱ्यानं त्याला एक साधा फोनसुद्धा केला नव्हता. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि वर म्हणे सुपुत्र!

मग माणसं येऊ लागली. ओरत्तनाडूहून, पापनाशमहून, पुढं पुढं तर सोलापूर-सांगलीहून गाड्या करून. घराच्या दारापुढं दोन्ही बाजूंना ओटा आहे, तिण्णै म्हणतात त्याला. त्यावर सकाळपासून माणसं बसलेली. अण्णा एकेकाला समजावायचा : औषध नाही, उंदरांवरचा प्रयोग आहे, तुमच्या गोळ्या थांबवू नका. लोक मान हलवायचे आणि बसून राहायचे. आता आमच्या घराची एक रीत अशी, की उन्हातून आलेल्याला आधी ताक द्यायचं, मग कोण, कुठला ते विचारायचं. मामीनं पाळली, वैनीनंही पाळली. कढीलिंब, आलं, मीठ घातलेलं पातळ ताक, पितळी पेल्यात. अण्णा औषध नाही म्हणून सांगतोय आणि वैनी प्रत्येकाच्या हातात पेला देतेय... लोकांनी जो अर्थ काढायचा तो काढला. सरकारच्या भीतीनं प्रोफेसर उघड बोलत नाहीत, पण बायकोच्या हातून ताकातून देतात! कुणी आईसाठी दुसरा पेला मागू लागला, कुणी बाटली पुढं करू लागला. एका बाईनं तर तिण्णैवरच सर्वांना सांगितलं की गेल्या खेपेच्या ताकानं तिची साखर उतरली. त्या दिवशी अण्णा आत आला आणि वैनीला म्हणाला, “उद्यांपासून ताक नको.” वैनी मला सांगताना पदर तोंडाला लावून रडली होती. त्या घराच्या दारातून माणूस तहानलेला परत जाऊ लागला. मी त्या मराठी पेपराच्या संपादकाला तेव्हा पत्र लिहिलं होतं. उत्तर नाही. उत्तर कशाला देतील, बातमी वाचली जात होती ना.

ह्या सगळ्याला हसून सोडून देता आलं असतं. पण एक दिवस पापनाशमचे एक निवृत्त पोस्टमास्तर आले ते मिठाईचा पुडा घेऊन, आभार मानायला. बातमी वाचल्यापासून त्यांनी इन्सुलिन बंद केलं होतं आणि बाजारात अण्णाचाच शेवग्याच्या फांदीवाला फोटो छापलेली कसलीशी पूड मिळत होती, ती खात होते. पायाला फडकं गुंडाळलेलं. अण्णानं फडकं सोडवून पाहिलं आणि तसाच त्यांना गाडीत घालून इस्पितळात नेलं. पाय गुडघ्याखालून काढावा लागला, आणि पुढं ते राहिलेही नाहीत. त्यांच्या बायकोनं अण्णाचे हात धरले आणि ती म्हणाली, चूक आमचीच सर, तुमचं औषध आधी सुरू करायला हवं होतं. हे मला अण्णानंच फोनवर सांगितलं.

त्यानंतर त्याला एकच गोष्ट हवी होती. विद्यापीठानं चार ओळींचा खुलासा काढावा : औषध सापडलेलं नाही, उपचार थांबवू नका. बस्स. त्यासाठी त्यानं कुलगुरूंच्या दालनाबाहेर बाकावर बसून दिवस घालवले. बातमी गाजली तेव्हा सत्कार करायला हीच मंडळी त्याच्या घरी शाल घेऊन धावली होती. उत्तर काय मिळालं? खुलाशानं संस्थेची बदनामी होते. शिवाय आम्ही ‘औषध’ असं कुठं म्हटलंय, ‘आशा’ म्हटलंय. शेवटी अण्णानं स्वतःच पेपरांना लिहिलं. त्याचीही बातमी झाली. मथळा होता, ‘औषध कंपन्यांचा दबाव? शास्त्रज्ञाची माघार!’ आणि तिण्णैवरची गर्दी दुप्पट झाली. खऱ्याला पाय फुटेपर्यंत खोटं गावभर जेवून येतं, असं मामी म्हणायची. इथं खऱ्याला पाय फुटले, तर त्याच पायांवर खोटं चालू लागलं!

मग त्यानं समजावणं सोडलं. येणाऱ्याला तो एकच विचारायचा, “गोळी आणलीस का?” आणि त्याच्यासमोर त्याला ती घ्यायला लावायचा. घेतली की म्हणायचा, जा आता घरी. निवृत्तीनंतरची त्याची वर्षं अशी गेली. प्रयोगशाळेत ज्यानं आयुष्य काढलं तो माणूस दारात पहारेकऱ्यासारखा उभा. मी एकदा चिडून म्हटलं, घर बदल, दार लावून घे, तुला काय पडलंय? तर म्हणाला, “माझ्या नांवावर कोणी मरूं नये, इतकेंच.” तेवढंही त्याला दिलं नाही आपण.

विद्यापीठानं शोकसभा घेतली, तिला मी वैनीबरोबर गेले. व्यासपीठामागं केवढा तरी फलक, आणि त्यावर तोच फोटो, तीच शेवग्याची फांदी, खाली ‘मधुमेहावर मात करणारे महान संशोधक’. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. कुलगुरू बोलले, मानवजात म्हणाले, वारसा म्हणाले. उंदीर कुणीही म्हणालं नाही. मग वैनीला विचारलं, दोन शब्द बोलणार का? वैनी जन्मात कधी माइकसमोर उभी राहिली नव्हती. ती उठली, नऊवारीचा पदर सारखा केला आणि स्वच्छ तमिळमध्ये म्हणाली, “ह्यांनी औषध शोधलं नाही. इथं लिहिलंय ते खोटं आहे. कुणी गोळ्या थांबवू नका.” माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, झालं, अखेर कुणीतरी बोललं... आणि मग टाळ्या पडल्या. कडकडून. सूत्रसंचालक गहिवरून म्हणाला, पाहिलंत, केवढी ही विनम्रता! दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आलं, ‘महान संशोधकाच्या पत्नीची साधेपणाने आदरांजली.’

मी परत निघायच्या दिवशी तिण्णैवर एक जोडपं बसलेलं होतं. ओरत्तनाडूकडचं शेतकरी जोडपं. प्रोफेसर गेले हे त्यांना ठाऊक होतं, तरी आले होते. वैनी बाहेर आली आणि तिनं अण्णाचाच प्रश्न विचारला. त्या माणसानं गोळ्यांची पट्टी दाखवली, पण खाली मान घालून. घेत नव्हता. वैनी आत गेली, माठातलं पाणी पेल्यात घेऊन आली आणि त्याला गोळी घ्यायला लावली. तो पाणी प्यायला, आणि बायकोला हळूच म्हणाला, ह्यांच्या घरातलं पाणी आहे, बाटलीत घे थोडं. मला वाटलं आता वैनी भडकणार. अण्णा भडकला असता. वैनीनं त्या माणसाकडे पाहिलं, त्याच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं, आणि बाटली त्याच्या बायकोच्या हातातून घेऊन काठोकाठ भरून आणली. म्हणाली, “हे पाणी गोळीबरोबरच लागू पडतं. गोळी चुकली तर उपयोग नाही. संपलं की पुन्हा ये.”

तो माणूस तिच्या पाया पडून गेला. मी तिला म्हटलं, “वैनी, अण्णाला हें आवडलें नसतें.”

“नसतेंच आवडलें,” वैनी म्हणाली. “ते खरें सांगत राहिले आणि लोक मरत राहिले. मी आतां खोटें सांगतें. तो गोळी घेईल.” आणि पुढं येणाऱ्यासाठी पाणी आणायला ती आत गेली.