शून्याचा ठराव

लातूरच्या माणसाला नांदेडात नोकरी लागली की लातूरकर विचारतात, "तिथं काय कमी होतं म्हणून तुला नेलं?" मला एका पतसंस्थेनं नेलं होतं, आणि तिथं अक्कल कमी होती, असं माझं तेव्हाचं ठाम मत होतं. मी संख्याशास्त्र शिकलेला. किती कर्जं एकाच वेळी बुडू शकतात याचं गणित मांडायचं, एवढंच माझं काम.

कर्ज बुडणं तापासारखं असतं. एकट्याला येतो की घरभर पसरतो, हे पाहावं लागतं. त्यासाठी गणितात एक आकडा असतो, सहसंबंधाचा. शून्य म्हणजे ज्याचं त्याच्यापाशी; एक म्हणजे सगळे एकदम आडवे. अर्धापूर शाखेचा आकडा एकाच्या जवळ येत होता.

अध्यक्षांना ते पटेना. "केळीवाला येगळा, टेम्पोवाला येगळा, क्रेटवाला येगळा. तीन धंदे हायत की!"

"साहेब, वाऱ्यानं केळी पडली तर टेम्पोत काय भरणार? शिवाय केळीवाल्याला टेम्पोवाला जामीन, टेम्पोवाल्याला क्रेटवाला आणि क्रेटवाल्याला केळीवाला."

"मंग तर लई भक्कम काम! बिनजामिनाचा एक बी न्हाई."

"पुरात तिघांनी एकमेकांचे हात धरलेत, साहेब. काठावर कुणीच नाही."

"तो आकडा शून्य करा."

"तो असा करता येत नाही. तो माहितीतून निघतो."

"मंग ठराव घेऊ."

बैठकीत खरंच ठराव आला: कर्जदार एकमेकांवर अवलंबून नसल्यानं आकडा शून्य धरावा. पुढचा विषय मला नोकरीत कायम करण्याचा होता. तो मंजूर व्हायलाच हवा होता, कारण लातूरला परत जायला तोंड नव्हतं. अध्यक्षांनी हात वर केला. संचालकांनी त्या हाताकडे पाहिलं आणि आपापले हात वर केले. एकजण डुलकी घेत होते, त्यांचा हात शेजारच्यानं उचलला. कुणी कुणावर अवलंबून नाही, हे एकमतानं मंजूर झालं.

मला हसू फुटलं, तेही मोठ्यानं.

"काय झालं हासायला?"

"साहेब, या खोलीचा आकडा एक आहे."

सचिवांनी घाईघाईनं पुढचा विषय वाचला. अध्यक्ष डोळे वटारून माझ्याकडे बघत राहिले, हात मांडीवरच. कुणाचाच हात हलेना. गेली नोकरी, मी मनात म्हटलं. तेवढ्यात दारात चहावाला दिसला आणि त्याला बोलवायला अध्यक्षांनी हात वर केला.

सगळे हात वर गेले. सचिवांनी लिहूनही टाकलं. चूक झाली म्हणावं, तर आधीचा ठरावही त्याच हाताकडे बघून झालेला. अध्यक्षांनी नुसता चहा घेतला. मी कायम झालो आणि शून्यही कायम झालं.

दुसऱ्या दिवशी केळीवाला केळ्यांची फणी घेऊन हजर. "साहेब, कायम झालात म्हणं! आमचा टेम्पोवाला नवं कर्ज काढायलाय. जामीन कायम नोकरीवाला पायजे म्हणत्यात. तुम्हीच व्हा."

केळ माझ्या तोंडात होतं. नाही म्हणवेना. सही केली.

आता उन्हाळ्यात वारा सुटला की मीही आभाळाकडे बघत उभा राहतो, अगदी त्या तिघांच्या बरोबरीनं.