एरंडेलावरचा पंप

बाळांनो, तुमच्या आजोबांनी या उन्हाळ्यात निर्मळच्या आपल्या वाडीतला डिझेल पंप एरंडेलावर चालवायचं ठरवलं. एरंडेलात मेथॅनॉल आणि कॉस्टिक सोडा मिसळून इंधन बनतं, हे खरं आहे, मीही वाचलंय. मग ते पाण्याने अगदी हलक्या हाताने धुवायचं असतं. आजोबांनी मात्र माझी ताकाची रवी घेतली आणि घामाघूम होईपर्यंत ते घुसळलं. सगळं पांढरंफेक, घट्ट झालं. पाणी काही केल्या वेगळं होईना, आणि ते होईपर्यंत पंप बंद!

"अहो, केळी सुकताहेत."

"जरा दम धर. वर येतंय बघ लोण्यासारखं."

"मग तेच घाला केळींना खायला!"

दुसऱ्या दिवशीही तेच. घड लागलेल्या केळींची पानं कडेने करपायला लागली, तेव्हा मी रिक्षाने जाऊन कॅनमधून डिझेल आणलं आणि पंप सुरू केला. आवाज ऐकून आजोबा धावत आले.

"अगं थांबव, उद्यापर्यंत नक्की तयार होईल!"

मी शेवटची केळ भिजेपर्यंत पंपापाशी खुर्ची टाकून बसले.