आडाच्या काठावरचा घास

मला कुत्र्यांची भीती वाटते. लहानपणी नांदेडला एका पिसाळलेल्या कुत्र्यानं पोटरी धरली होती, आणि त्यानंतर पोटात घ्याव्या लागलेल्या सुया मी अजून विसरलेली नाही. रस्त्यात कुत्रं दिसलं की मी आजही बाजू बदलते. अशा बाईच्या पदरात दैवानं कुत्रंच टाकावं, याला काय म्हणायचं?

ते घराबरोबर आलं. लातूर जिल्हा नुकताच झाला होता, आणि किल्लारीच्या बाजूच्या एका गावात मला शाळेवर नेमणूक मिळाली होती. शाळेच्या पाटीवरचं ‘उस्मानाबाद’ खरवडून काढलेलं होतं, पण ‘लातूर’ लिहायला रंगारी यायचा होता. त्यामुळं आमची शाळा काही महिने कुठल्याच जिल्ह्यात नव्हती. जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच. मी आणि माझी आई गावाच्या खालच्या अंगाला, आमच्याच बौद्ध समाजाच्या वस्तीत दोन खोल्या घेऊन राहिलो. आधीचा भाडेकरू जाताना एक पिवळसर कुत्रं अंगणात सोडून गेला होता. आई त्याला ‘बाबा’ म्हणायची. मी काहीच म्हणायची नाही, लांबूनच जायची.

अंगणात एक आड होता. त्या उन्हाळ्यात वरच्या आळीतल्या विहिरी एकेक करून कोरड्या पडल्या आणि आमच्या आडाला मात्र ओंजळ-ओंजळ पाझर राहिला. ज्या आडाकडून जाताना वरच्या आळीतल्या बाया पदर सावरून घ्यायच्या, त्याच आडावर त्यांच्या घागरींची रांग लागली. पोहरा त्यांचा, दोर त्यांचा, पाणी आमचं. दुष्काळात विटाळसुद्धा आटतो. कुणी काही बोललं नाही, आम्हीही नाही.

बोललं ते कुत्रं. रिकाम्या घागरीवर घागर आपटली की त्याच्या अंगात यायचं. मानेवरचे केस उभे, तोंडाला फेस, आणि थेट बायकांच्या पायांवर झेप. एरवी ते कोपऱ्यात अंग चोरून पडलेलं असायचं. घागरीनं त्याचं कुणी काय केलं होतं, ते त्यालाच ठाऊक. दोनदा त्यानं लुगड्याचा काठ फाडला. दात अजून कुणाच्या मांसात गेले नव्हते, एवढंच.

वरच्या आळीत एक थोरल्या काकू होत्या. मोठ्या शेतीवाडीच्या घरातल्या, सगळ्या बाया त्यांचं ऐकायच्या. एक दिवस त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“बाई, तुमचं कुत्रं आवरा बरं. एखादीला फोडलं तर आमच्या घरचे गडी ऐकायचे न्हाईत.”

त्या चिडून बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या अगदी शांतपणे बोलल्या. कुत्रं तर दगडाखाली मेलंच असतं. पण ‘खालच्या वस्तीनं कुत्रं अंगावर सोडलं’ ही खबर गावात फिरायला किती वेळ लागतो? मला त्या रात्रीपासून जेवण जाईना. मी त्या कुत्र्याला भीत होते, आणि आता त्याच्यासाठीही भ्यायला लागले.

शेजारच्या बाया म्हणाल्या, “चार काठ्या घाला, सरळ हुतंय.” पण मारायलासुद्धा धीर लागतो, तो माझ्यापाशी नव्हता. शिवाय पहिलीच्या वर्गात रडणाऱ्या पोराला छडी दाखवली की ते रडायचं थांबतं, पण दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही, हे मी रोज बघत होते.

मग एका दुपारी मी ओसरीत जेवत बसले होते. गल्लीत कुणाची तरी कळशी दगडावर पडली आणि कुत्रं माझ्या अंगावरूनच दाराकडे झेपावलं. मी घाबरून हातातली भाकर त्याच्याकडे भिरकावली, दगड भिरकवावा तशी. ते थबकलं. भाकर हुंगली, खाल्ली. तेवढ्यात कळशी पुन्हा वाजली. या वेळी त्यानं आधी माझ्याकडे बघितलं आणि मग दाराकडे. भित्र्याला भित्रा ओळखू येतो म्हणतात. ते कुत्रं रागीट नव्हतं, माझ्यासारखंच घाबरलेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आमचा खेळ सुरू झाला. आई परसात बसून चमच्यानं तांब्या वाजवायची, अगदी हलकेच. आवाज झाला की मी ओसरीतून भाकरीचा तुकडा टाकायचे. आवाज, तुकडा. त्याचे कान ताठ झाले, शेपूट पोटाखाली गेलं, की समजायचं आज जास्त झालं; आईनं आणखी लांब जायचं. ओरडायचं नाही, ओढायचं नाही, दटावायचं नाही.

आई कुरकुरायची. “माणसाला मिळंना, अन् तू कुत्र्याला भाकर चारून राहिलीस.” पण तांब्या तीच वाजवायची, आणि मी शाळेतून यायला उशीर केला तर, “बाबा वाट बघून राहिला की,” असं मलाच सुनवायची.

तांब्यावरून कळशीवर आलो, कळशीवरून घागरीवर. एकदा घाई केली. शेजारणीला दोन घागरी घेऊन फाटकातून यायला सांगितलं, त्या एकमेकींवर आपटल्या आणि कुत्रं सुटलं. शेजारीण बिचारी आडाच्या काठावर चढून बसली. मी जागच्या जागी थिजले होते. आईनंच त्याला हाक मारून परत आणलं. पुन्हा तांब्या, पुन्हा चमचा. कधीकधी मला वाटायचं, हे पाणी असताना व्हायचं नाही आणि पाणी आटल्यावर व्हायची गरज नाही.

पण झालं. घागर वाजली की ते बायकांकडे न धावता माझ्या हाताकडे बघायला लागलं. मग मी बायकांनाच सांगितलं, येताना भाकरीचा एक तुकडा आणा, लांबून टाका आणि मग घागर ठेवा. काकूंनी पहिल्यांदा तुकडा टाकला तेव्हा मी दाराची कडी धरून उभी होते. त्यानं तुकडा खाल्ला, आणि आडवा होऊन शेपूट जमिनीवर आपटलं. बाया खळखळून हसल्या. “अगं, हे तर पाव्हणं झालं की!” काकू म्हणाल्या. काही दिवसांत ते त्यांच्या हातातून घास घ्यायला लागलं. ज्या हातातून आम्ही कधी काही घेतलं नव्हतं आणि ज्यांनी आमच्या हातून कधी काही घेतलं नव्हतं, ते हात त्याला सारखेच होते. मला फार अभिमान वाटला, हे कबूल करते.

मग एक वेगळंच होऊन बसलं. चैत्र सरत आला तरी आमचा आड आटेना. का आटेना, याचा शोध बायांनी रांगेत बसून लावला. मुक्या जिवाच्या तोंडी घास पडतो म्हणून! झालं. कुत्र्याला घास दिल्याशिवाय पोहरा सोडायचा नाही, असा नेमच पडला. मी ज्याला शिकवणी म्हणत होते त्याचं यांनी व्रत करून टाकलं. भोळेपणाला औषध नाही म्हणून मीही हसले.

हसणं फार दिवस टिकलं नाही. बाजाराच्या दिवशी पिसाळलेलं कुत्रं गावात शिरलं, दोन वासरांना चावलं. त्यानंतर कुणीतरी खाण्यात विष घालून गावभर टाकायला लागलं. कोण, ते कळत नव्हतं, आणि कुणी विचारतही नव्हतं. सकाळी शाळेत जाताना गल्लीत कुत्री पाय ताणून पडलेली दिसायची. पोरं त्यांना वळसा घालून जायची. मीही जायचे, पण पडलेल्या प्रत्येक कुत्र्याचा रंग बघून.

कारण माझं कुत्रं आता कुणाच्याही हातून खात होतं. आधी ते माणसांना इतकं भ्यायचं की परक्याचा तुकडा हुंगलासुद्धा नसता. त्याची ती भीतीच त्याची राखण होती, आणि ती मी भाकरीचा एकेक तुकडा टाकून काढून घेतली होती. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता माझा हात थांबायचा. आता या क्षणाला कुणी त्याला काही घालत असेल तर?

बांधून पाहिलं. गळ्यात दोर पडला आणि घागरी वाजल्या, तर ते पहिल्यासारखं पिसाटलं. दोर सोडावाच लागला. बायांना विनवलं, घास बंद करा. तर काकू म्हणाल्या, “अन् आड आटला तर, बाई? घास दिल्याबिगर आम्ही पाणी कसं न्यावं?” बाकीच्यांनी माना हलवल्या.

शेवटी एवढं ठरलं, की घास हातानं द्यायचा नाही, आडाच्या काठावरच्या शिळेवर ठेवायचा. आणि कुत्र्याला मी दुसरा धडा घातला. शिळेवर भाकर ठेवायची, वर माझा तळवा. ते हुंगायचं, ओरबाडायचं, कुंई-कुंई करायचं. कंटाळून त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं की दुसऱ्या हातातून चानी. आईनं मागं मटण वाळवून गाडग्यात ठेवलं होतं, त्यातल्या या वाळक्या पट्ट्या. दुष्काळात आम्हालाही त्या सणासारख्या होत्या. भाकरीला तोंड लावायचं नाही, आमच्याकडे बघायचं, आणि मी किंवा आईनं ‘खा’ म्हटलं तरच खायचं. मग तळवा काढला, मग दोन पावलं मागं सरले, मग ओसरीत जाऊन बसले. पहिल्या धड्यात चूक झाली असती तर कुणाला तरी दात लागले असते. या धड्यातली चूक सुधारायला ते उरणारच नव्हतं.

एका सकाळी बाया पाणी भरून गेल्यावर मी दार उघडून बाहेर आले. कुत्रं शिळेपुढं बसलं होतं. लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती आणि डोळे माझ्यावर लागले होते. शिळेवर भाकरीच्या तुकड्यांच्या शेजारी गव्हाची पोळी होती. तूप लावलेली, घडी घातलेली.

त्या साली आमच्या गावात तूप लावलेली पोळी लेकरांना मिळत नव्हती. कुत्र्याला कोण घालणार?

पळत जावं तर ते ‘खा’ असं समजेल, ओरडावं तर बिथरेल. मी खाली बसले आणि मांडीवर हलकेच थाप मारली. त्यानं एकदा पोळीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि उठून माझ्याकडे आलं. मी त्याच्या गळ्यात हात घातला. त्याला पहिल्यांदाच असं धरत होते. आई पोळी उचलायला गेली तोवर एका कावळ्यानं तिचा कोपरा तोडून नेला होता. थोड्या वेळानं तो कावळा कुंपणाच्या काट्यांत फडफडत पडला आणि तिथंच अडकून मेला. उरलेली पोळी आईनं परसात खोल पुरली.

कोण आणून ठेवील? अंगणात रांगेतल्या बायांशिवाय कुणी आलं नव्हतं.

रात्रभर मी ती तोंडं मोजल्यासारखी आठवत राहिले. दुसऱ्या दिवशी रांग लागली. एकेकीनं शिळेवर तुकडा ठेवला. कुत्रं शिळेपुढं बसलं आणि शिकवल्याप्रमाणे माझ्याकडे बघायला लागलं. त्याला फक्त माझा एक शब्द हवा होता, आणि तो माझ्या जिभेवर येईना. बायाही बघायला लागल्या. काकू म्हणाल्या, “का गं बाई, आज खाऊ देईनास? आमच्या भाकरीला का झालं?”

नाही म्हणावं तर ‘तुमच्यातलीच कुणीतरी विष घालते’ असं वरच्या आळीच्या तोंडावर म्हणायचं, आणि तेही त्यांच्याच गावात राहून. हो म्हणावं तर कुत्रं जातं. मी पुढं झाले. काकूंचाच तुकडा उचलला, निम्मा मोडला आणि तोंडात घातला. चावला. गिळला. आई दारात पदर तोंडाला लावून उभी होती. मग उरलेला निम्मा शिळेवर ठेवला आणि म्हटलं, “खा.”

काकूंना काय समजलं असेल ते समजलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, कुंपणात अजून अडकलेल्या कावळ्याकडे बघितलं, आणि रांगेकडे वळून म्हणाल्या, “आजपासून ज्यानं त्यानं आपला घास आधी आपण खायचा. मग त्याला.” त्यांच्यामागं उभी होती तिनं आपला तुकडा उचलला, निम्मा खाल्ला, निम्मा ठेवला. तिच्यामागच्या बाईनंही. रांग पुढं सरकत राहिली, बाया चावत राहिल्या, आणि मी प्रत्येक जबड्याकडे बघत राहिले.

एक बाई नेहमी माझ्याशी हसून बोलायची, शाळेतल्या आपल्या पोरीची चौकशी करायची. तिची पाळी आली तेव्हा तिनं शिळेवरचा आपला तुकडा उचलला आणि पदराच्या गाठीत बांधला.

“आज माझा उपास हाय, बाई,” ती म्हणाली.

त्या दिवशी ना सोमवार होता, ना एकादशी. तिला पाणी नको म्हणायची माझी छाती झाली नाही. तिनं घागर भरली, चुंबळीवर ठेवली, आणि जाताना वाकून कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यानं डोळे मिटून तो फिरवू दिला. मी शिळेला धरून उभी होते, तिच्या पदराच्या गाठीकडे बघत.